अकरा ठिकाणं, साडेपाचशे रुपये

रिक्षाच्या आरशाखाली कार्ड लटकतंय,
लेकीनं लॅमिनेट करून दिलेलं:
नाशिक दर्शन, अकरा ठिकाणं, साडेपाचशे.
घासाघीस नाही.
म्हणजे, थोडी.

नुर्तेनबाई सकाळी सातला द्वारकेवर बसल्या.
तुर्कस्तानातलं अँतेप त्यांचं गाव.
भाचा अंबडच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेला;
त्यानं माझ्या हातावर पैसे ठेवले,
मावशीच्या फोनात दुभाषा लावून दिला
आणि पळाला ड्युटीवर.

रामकुंडावर मी सवयीनं सुरू झालो,
इथं राम आंघोळीला, इथं अस्थी विरघळतात...
फोन तुर्कीत काय बोलला देव जाणे,
बाई दोन पावलं मागं सरल्या.
मग बघत राहिल्या दोन भावांकडं,
नुकतीच डोकी उतरवलेली, बापाचे दिवस असावेत.
धाकटा थोरल्याच्या ओल्या टकलावर
हळूच हात फिरवत होता,
आणि दोघं हसू दाबत होते.
सतरा वर्षं येतोय मी या घाटावर.
हे कार्डावर नव्हतं.

दुतोंड्या मारुती मात्र मला मनापासून सांगता येतो.
ही आमची पूर मोजायची पट्टी, बाई.
गुडघ्याला पाणी, तर चालतंय.
कमरेला, तर भांडीबाजार आवरा.
गळ्याला लागलं की सराफही माडीवर.
फोननं विचारलं, आणि डोक्यावरून गेलं तर?
म्हटलं, तेव्हा कोणी मोजत नाही.

काळारामाच्या दगडावर त्यांनी तळवा टेकवला.
बांधायला बारा वर्षं लागली म्हणतात, मी म्हणालो.
बारा वर्षं पाथरवट राहत कुठं होते?
आता हे मला कोण सांगणार!
सीतागुंफेत बसून सरकावं लागतं;
बाईंनी स्वतःच्या गुडघ्यांकडं बोट दाखवलं, नको म्हणाल्या.
बाहेर पायरीवर बसून चिवडा खाल्ला,
तिखटानं डोळ्यांत पाणी, तरी पुडी संपवली.

पुढं पांडवलेणी होती.
भद्रकालीत टेम्पो आडवा लागला,
म्हणून मी तांबट आळीतून काढली रिक्षा.
ठण् ठण् ठण्,
नेहमीचाच आवाज, मला तर ऐकूही येत नाही आता.
बाईंनी माझ्या खांद्यावर चापट मारली.
थांबव.
यासाठी फोन लागला नाही.

फोन सीटवरच राहिला, एकटाच बडबडत.
दिगंबर तांबटाच्या ओट्यावरचं पातेलं उचललं त्यांनी,
आतून नख फिरवलं,
म्हणाल्या, कालाय.
दिगंबर म्हणाला, कल्हई.
कालाय.
हो, कल्हई.
दोघं पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले,
उसनं दिलेलं भांडं
ओळखीच्या पोच्यावरून ओळखावं तसं.

मग बाईंनी चपला काढल्या.
कोपऱ्यात मोठं तांब्याचं घंगाळ होतं, काळंकुट्ट,
त्यात मूठभर वाळू टाकली, वर गोणपाटाचा तुकडा,
आणि दिगंबरच्या बायकोचे दोन्ही हात धरून
सरळ आत उभ्या राहिल्या.
डावीकडं वळल्या, उजवीकडं वळल्या,
टाचेवर कंबर फिरवत, दातांत ओठ धरून,
वाळू करकरत होती पायाखाली.
सहा-सात वर्षांची पोर घासते तसं घासत होत्या,
कुणीतरी समोर बसून तपासतंय अशा.
ते गुडघे,
गुंफेत न वाकलेले.

समोरचा हातोडा थांबला. मग शेजारचा.
मग अख्खी आळी.
घंगाळाच्या तळाशी रुपयाएवढा
तांबडा डाग उजळला होता.

संध्याकाळी भाच्यानं विचारलं, किती झाली ठिकाणं?
मी बोटं मोजली. चार.
पैसे परत करायला गेलो, बाईंनी मूठ मिटवली माझी.

कार्ड अजून तेच आहे, अकरावालं.
फक्त आता टेम्पो नसला तरी
मी तांबट आळीतून जातो,
ट्रॅफिक आहे म्हणून सांगतो.
कोणी उतरत नाही. फोन बघतात.
मी मात्र त्या गल्लीत हॉर्न वाजवत नाही.